लाल चिमटे, पांढरे चिमटे

झाड बोडकं झाल्याचं सर्जेरावांना तिसऱ्या दिवशी कळलं.

सकाळी वैकुंठ स्मशानभूमीत बायकोची, विजयमालाची, राख सावडून ते आणि मुलगा विश्वजीत बिबवेवाडीला परत आले. घरात शिरण्याआधी हातपाय धुवायचे म्हणून सर्जेराव इमारतीच्या मागच्या नळावर गेले. नळाला लागूनच विजयमालाचं कढीपत्त्याचं झाड होतं. हात पोचेल तिथवर त्याला एक पान उरलं नव्हतं, नुसत्या काड्या. कुणाच्या हाताला लागला नाही म्हणून शेंड्याला तेवढा एक झुपका राहिला होता. आणि काड्यांवर एकही चिमटा नव्हता. कपडे वाळत घालायचे प्लॅस्टिकचे चिमटे, लाल आणि पांढरे. विजयमाला दवाखान्यात गेली त्या दिवशी झाडावर सत्तावीस होते.

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरची दीपमाला स्टीलचा डबा घेऊन जिन्यातून उतरली. सुतकात घरात गॅस पेटवायचा नाही, म्हणून तीन दिवस तीच जेवण पुरवत होती, आणि पुरवते आहे हे साऱ्या सोसायटीला ऐकू जाईल अशा आवाजात पुरवत होती.

“काका, पिठलं गरम आहे. आधी दोन घास खाऊन घ्या.”

“झाडाचा पाला कुठं गेला?”

“कुठल्या झाडाचा?”

“हितं दुसरं कुठलं झाड हाय?”

दीपमालानं झाडाकडे एकदा पाहिलं. “अहो, वीस-पंचवीस माणसांचं करतेय मी. पिठलं, आमटी, मठ्ठा. फोडणीला लागतोच की. आणि विचारलं होतं मी तुम्हाला. परवा तुम्ही दारात खुर्चीवर बसला होतात. मी म्हटलं, काका, कढीपत्ता घेऊ का? तुम्ही म्हणालात, घ्या, सगळा घ्या, काय करायचाय आता.”

सर्जेरावांना आठवलं. म्हणाले होते. म्हणताना हातसुद्धा उडवला होता.

“अन् चिमटे?”

“ते होय!” दीपमालाचा चेहरा उजळला. “बिचाऱ्या काकूंचे चिमटे झाडालाच राहिले होते. काढले आणि धुऊन ठेवलेत. त्यांच्यावर मार्करनं नंबर लिहिले होते कुणीतरी, निघता निघेनात. मग ह्यांच्याकडचं थिनर लावलं. एकदम नव्यासारखे झालेत बघा.”

सर्जेरावांनी एका काडीला नुसता हात लावून पाहिला. दीपमालाला वाटलं, माणूस गहिवरला.

“आणि काका, झाडाला कीड लागली होती हं. पानांवर पाखरांची शिट पडल्यासारखं काहीतरी होतं, ती पानं मी निवडून फेकली. हिरव्या अळ्याही होत्या बोटाएवढ्या. एकीला हात लागला तर डोक्यातून लाल शिंगं बाहेर काढली तिनं. सडक्या लिंबासारखा वास! सगळ्या भिंतीपलीकडे झटकल्या.”

“बरं केलंत,” सर्जेराव म्हणाले.

डबा घेऊन ते घरात आले. तीन दिवस हेच पिठलं ते खात होते. काल विश्वजीतला म्हणालेही होते की पिठलं बरं झालंय.

विजयमाला प्राध्यापक नव्हती, हे आधी सांगायला हवं. वारल्यावर सोसायटीच्या ग्रुपवर तिला कुणी प्राध्यापिका केलं, कुणी शास्त्रज्ञ केलं. विश्वजीतच्या मेहुण्यानं ‘बटरफ्लाय लेडी’ असं लिहिलेलं चित्र पाठवलं, त्यात तिच्या फोटोभोवती निळी विलायती फुलपाखरं पंख हलवत होती. विजयमाला एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई होती. बरण्या पुसायची, मुलांना डिशेस मांडून द्यायची, झुरळं मोजून द्यायची. तीस वर्षं बरण्या पुसता पुसता तिला जे कळलं, ते बरण्यांवर चिठ्ठ्या लावणाऱ्या अनेकांना कळलं नाही, असं तिथल्या तेजस्विनी मॅडमच म्हणत. निवृत्त झाल्यावर तिनं मागच्या नळाशी झाड लावलं, ते गुडघ्याला आलं तशी फुलस्केप वही आखली. वहीला अकरा वर्षं झाली होती.

झाडावर यायचं ते फुलपाखरू बहुरूपी. लिंबाच्या जातीच्या झाडांवर आणि कढीपत्त्यावर अंडी घालतं, म्हणून पुण्यात कुठंही दिसतं. काळं, मागच्या पंखाला शेपटी. नर सगळे एकाच तऱ्हेचे, काळ्यावर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. माद्यांचं तसं नाही. काही माद्या नरासारख्या साध्या असतात. काही माद्या मात्र वेगळ्याच फुलपाखराचं सोंग घेऊन जन्माला येतात, मागच्या पंखावर पांढरा पट्टा आणि लाल ठिपके. ते दुसरं फुलपाखरू सापसंदाच्या वेलीवर वाढतं आणि विषारी असतं. एकदा खाल्लं की पाखरू पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही. बहुरूपीची मादी अजिबात विषारी नसते, पण पाखरं फसतात आणि तिलाही सोडतात.

“फरक कसा वळकायचा?” सर्जेरावांनी एकदा विचारलं होतं. चहा होईपर्यंत वेळ घालवायला.

“अंग बघायचं. इखाऱ्याचं अंग लाल असतंय. हिचं काळंच. पंख रंगवता आलं, अंग न्हाय.”

“म्हंजे अर्धवट सोंग.”

“तुमच्यासारख्याला पुरतंय की तेवढं.”

विजयमाला पाळतीवर बसायची. मादी आली, पोट वाकवून कोवळ्या पानावर एकेक अंडं ठेवून गेली, की ही त्या डहाळीला चिमटा लावायची. सोंगाच्या मादीचं अंडं असेल तर लाल चिमटा, साध्या मादीचं असेल तर पांढरा. चिमट्यावर नंबर. चिमटे मंडईमागच्या बोळातून डझनावारी आणायची. तीन-चार दिवसांत अंड्यातून अळी निघायची, आधी पाखराच्या शिटेसारखी दिसणारी, पुढे पानासारखी हिरवी. अळी डहाळी बदले तसा चिमटा बदलायचा. कोष झाला की वर जाळीची पिशवी. त्यातून नर निघाला की मादी, मादी असेल तर साधी की सोंगाची, हे वहीत. शेवटच्या रकान्यात ‘कोणी पाहिलं’. त्यात अकरा वर्षं एकच अक्षर होतं, ‘वि.’

“काय कळणार हाय त्यातनं?” सर्जेराव विचारायचे.

“पर्वतीच्या अन् तळजाईच्या उतारावर सापसंद हुतं, ते गेलं. इखारी फुलपाखरं हिकडं वर्सात दोन दिसली तर दिसली. मंग नकलेला कोण भ्यायचं? सोंगाच्या लेकी कमी व्हत्यात का, ते बघायचंय.”

“अन् सोंग आईकडनं येतं का बापाकडनं?”

“दोघांकडनं. बापाच्या अंगावर दिसत न्हाय एवढंच.”

“आपल्या विश्वाची सोंगं तुझ्याकडनं आलीत मग.”

“व्हय, अन् आळस कुणाकडनं आला ते अंगावर दिसतंय.”

सर्जेरावांनी ह्या कामाला कधी काम म्हटलं नाही. ते बसच्या वर्कशॉपमध्ये तेहतीस वर्षं फिटर होते. काम म्हणजे बसखाली झोपून ब्रेक बघणं. अळ्या मोजणं ह्याला ते रिकामपण म्हणत. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, “आमच्याकडं गुरं न्हाईत, अळ्या हायत. पाच-पन्नास.” अध्यक्ष बद्रीनाथनं नळाच्या वर भिंतीला लाकडी पाटी लावली, ‘झाडे ही चिमटे लावण्याची जागा नाही. कळावे, अध्यक्ष’, तेव्हा सर्जेराव पहिल्यांदा बद्रीनाथशी सहमत झाले होते. विजयमालानं पाटी वाचली आणि पाटीलाच एक पांढरा चिमटा लावून ठेवला.

भाद्रपदात एका रविवारी तिच्या छातीत दुखलं. दवाखान्यात ठेवलं. हृदयाचा झटका, आणि मग एकामागून एक भानगडी. ती पुढचे सहा दिवस तिथं होती आणि शुद्धीत होती. पहिल्याच संध्याकाळी म्हणाली, “वही आणा. अन् उद्यापासनं सकाळी झाडाकडं बघून या. लाल सोळा हायत, पांढरे अकरा. जेवढ्या अळ्या, कोष दिसत्याल तेवढं सांगा. मी लिहिते.”

“आता हे?”

“मग कवा? ह्या वर्साला लाल सोळा पहिल्यांदाच झालेत.”

सर्जेराव रोज सकाळी अंघोळीला घरी येत. रिक्षातून फाटकाशी उतरत, जिना चढत, अंघोळ करत, पेज भरून घेत आणि निघत. झाड इमारतीच्या मागं होतं. फाटकापासून वीस पावलं. त्या सहा दिवसांत ते एकदाही गेले नाहीत. थकले होते हे खरं, पण कारण थकवा नव्हता. बाई मरायला टेकली आहे आणि आपण अळ्या मोजायच्या, ह्याचा त्यांना राग येत होता. दवाखान्याच्या कँटीनमध्ये चहा पिता पिता ते आकडा ठरवत. वर जाऊन सांगत, “लाल सोळा, पांढरे अकरा. सगळे हायत.”

“मुंग्या?”

“न्हाईत.”

“गांधीलमाशी?”

“न्हाय म्हटलं ना.”

ती नळ्या लावलेल्या हातानं वहीत लिहायची. अक्षर वाकडं यायचं. तिसऱ्या दिवशी त्यांनी वरून पुस्ती जोडली, की लाल नऊ नंबरचा कोष झाला. ती हसली. मग रोज एकेक कोष वाढवत गेले. त्यात त्यांना गोडीच लागली.

वर्कशॉपमध्ये असताना एका फिटरनं ब्रेक न बघताच कार्डावर सही केली होती. सर्जेरावांनी त्याला साहेबासमोर उभा केला. तो सस्पेंड झाला. त्याची बायको घरी येऊन रडली. विजयमालानं तिला चहा दिला आणि हळूच विचारलं, “एकदा सोडला असतात तर?” सर्जेराव म्हणाले होते, “न बघता सही करणारा माणूस न्हाय, जनावर हाय. जनावर तरी हुंगून बघतंय.” ते ही गोष्ट अजून लग्नाकार्यात सांगत. सगळे पुतणे-भाचे पाठ म्हणून दाखवू शकत होते.

त्या संध्याकाळी त्यांनी दीपमालाकडून चिमटे आणले आणि परातीत ओतले. लाल सोळा, पांढरे अकरा. पाटीवरचा एक पांढरा जादा. सगळे नव्यासारखे. कुठला कुठल्या डहाळीवर होता हे सांगू शकणारं माणूस सकाळीच मडक्यात भरलं होतं. आणि ती दवाखान्यात गेल्यापासून झाडावर नेमकं किती जिवंत होतं हे पाहिलेलं माणूस एकच, दीपमाला. तिनं ते फोडणीत घातलं होतं.

पाचव्या दिवशी बद्रीनाथ भेटायला आला. ह्याच्या बापजाद्यांची जमीन ह्या सोसायटीखाली गेली होती, आणि त्यामुळे तो जन्मजात अध्यक्ष होता. पांढरा शर्ट, दोन मोबाइल. आल्या आल्या फोटोला नमस्कार केला आणि बसल्या बसल्या सांगून टाकलं.

“सर्जेराव, कमिटीनं ठराव केलाय. मागच्या बाजूला ‘विजयमाला स्मृती फुलपाखरू उद्यान’. वहिनींचं नाव राहिलं पाहिजे.”

“काय काय असणार त्यात?”

“लॉन, कारंजं. हैदराबादची फुलझाडं, बारमाही. आणि फायबरची फुलपाखरं, चार-चार फुटी, आत लाइट. सेल्फी पॉइंट.”

“अन् कढीपत्ता?”

“तो काढावा लागंल. आता त्याला राहिलंय काय? काड्या नुसत्या. बरं दिसत नाही.”

“अळ्या काय खात्याल मग?”

“अळ्या कशाला? फुलपाखरू उद्यान आहे.”

“बरोबर हाय,” सर्जेराव म्हणाले. “फुलपाखराला आईबाप नसतात. ते थेट कमिटीत जन्माला येतंय. एक काम करा, फायबरच्या अळ्या बी बसवा. त्यांना फायबरचा कढीपत्ता लावा. दीपमालाबाईंनी तोडला तर तुटायचा न्हाय.”

बद्रीनाथ सुतकातल्या माणसाला माफ करतात तसा हसला. “तुम्ही दुःखात आहात. नंतर बोलू.”

“मी दुःखात न्हाय, मी शुद्धीत हाय. झाडाला हात लावला तर तुमच्या त्या लॉनवर बसचं इंजिन आणून खोलीन. ग्रीस कसं सांडतंय बघा मग.”

विश्वजीत आतून आला. “आबा, प्लीज. ते चांगल्या मनानं म्हणतायत.”

“तुझ्या आईच्या झाडाला चिमटे लावू नका म्हणून पाटी मारणारा माणूस आता तिच्या नावाचं कारंजं उडवतोय. मन चांगलं असंल. हिशेबात बसत न्हाय एवढंच.”

बद्रीनाथ गेला. सर्जेरावांना वाटलं, ती पाटी तरी आधी उखडून टाकावी. स्क्रूड्रायव्हर घेऊन ते मागं गेले. पाटीला लावलेला पांढरा चिमटा दीपमालानं तिथूनही काढून नेला होता. त्यांनी वरचा स्क्रू सैल केला, पाटी कडेनं भिंतीपासून ओढली आणि थांबले. पाटीच्या मागच्या बाजूला, लाकडाच्याच रंगाचा, बोटाच्या पेराएवढा कोष होता. बूड लाकडाला चिकटलेलं, कमरेभोवती रेशमाचा एक धागा, आणि धाग्यावर अंग मागं टाकलेलं, लाइनमन खांबावर पट्ट्यात रेलतो तसं. कोष पानांत असला की हिरवा होतो आणि लाकडावर असला की तपकिरी, हे विजयमालानं दहा वेळा सांगितलेलं. दहाही वेळा ते पेपर वाचत होते. तरी आठवलं.

एक अळी खाणं संपवून, दीपमालाचा हात पोचण्याआधीच, झाड सोडून चालत निघाली होती. बद्रीनाथच्या पाटीमागं जाऊन बसली होती. तिला चिमटा नव्हता. ती लाल होती का पांढरी, हे आता कुणालाच सांगता आलं नसतं.

सर्जेरावांनी स्क्रू होता तसा पिळला.

दुसऱ्या दिवसापासून ते सकाळी सहाला चहाचा कप आणि स्टूल घेऊन पाटीसमोर बसू लागले. भेटायला येणाऱ्यांना तिथंच पाठवावं लागायचं. एक मेव्हणे ओंकारेश्वराच्या बाजूनं रिक्षा करून आले आणि म्हणाले, “दाजी, तुम्ही ह्या पाटीकडं काय बघत बसलाय?” सर्जेराव म्हणाले, “मजकूर चांगला हाय.” लोकांनी विश्वजीतला डॉक्टरचं नाव सुचवलं. तो बिचारा संध्याकाळी लॅपटॉप मांडीवर घेऊन जवळ बसला आणि म्हणाला, “आबा, आर यू ओके?” सर्जेराव म्हणाले, “मराठीत विचार, मग सांगतो.” त्यानं मराठीत विचारलं. सर्जेरावांनी मग काहीच सांगितलं नाही.

दहावा झाला. अकराव्या दिवशी सकाळी त्यांनी पाटी कडेनं हलकी ओढून पाहिलं तर कोष काळा पडला होता. मेला, असं त्यांच्या मनात आलं. मग दिसलं की काळं म्हणजे आतले पंखच आहेत, कोषाच्या भिंतीतून दिसणारे. त्यांनी पाटीचे खालचे दोन्ही स्क्रू काढले, पाटी अलगद वर वळवली आणि एक वीट लावून तशीच धरून ठेवली. साडेसातच्या सुमाराला कोष डोक्याशी फाटला. आतून ओलं, चुरगळलेलं, फुलपाखरासारखं अजिबात न दिसणारं काहीतरी पाय रोवत बाहेर आलं आणि पाटीच्या कडेला लोंबकळलं. पंख लहान, ओल्या चिंधीसारखे. मग ते हळूहळू भरत गेले. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरतात तसे.

मागच्या पंखावर पांढरा पट्टा. कडेला लाल ठिपके.

सर्जेरावांनी वाकून अंग पाहिलं. काळं होतं.

“मादी,” ते मोठ्यानं म्हणाले. “सोंगाची.”

दीपमाला केर टाकायला आली होती. तिनं डबा खाली ठेवला आणि हात जोडले. “अगं बाई! काकूच आल्या हो! काका, काकूच!”

“काकू आल्या असत्या तर आधी चिमटे मोजले असते,” सर्जेराव म्हणाले. “मागं सरका, सावली पडतेय तिच्यावर.”

दीपमाला डोळे पुसत मागं सरकली. तिचे डोळे खरेच ओले होते, हे सर्जेरावांना दिसलं आणि त्याचाही राग आला. तीन दिवस वीस माणसांचं जेवण तिनं खरंच केलं होतं. कढीपत्ता तिनं विचारून घेतला होता. अळ्या तिनं झटकल्या, पण त्या तिथं आहेत हे तिनं पाहिलं तरी होतं. ह्या सगळ्यात डोळे उघडून झाडापाशी गेलेलं माणूस तीच एक होती.

नऊच्या सुमाराला फुलपाखरू उडालं. झाडाभोवती एक फेरी मारली, बसायला पान सापडलं नाही, भिंतीवरून पलीकडे गेलं.

सर्जेराव घरात आले, हात पुसले आणि विजयमाला वारल्यापासून पहिल्यांदा वही उघडली. आपली ओळ लिहायची म्हणून वर तिची कशी लिहिलेली आहे ते बघू लागले. तारीख, चिमटा, अंडं-अळी-कोष, काय निघालं, कोणी पाहिलं. शेवटच्या सहा ओळी दवाखान्यातल्या. वाकडं अक्षर, औषधाचा एक डाग. लाल सोळा, पांढरे अकरा. नऊ नंबरचा कोष, मग आणखी कोष, त्यांनी सांगितले तसेच.

शेवटच्या रकान्यात सहाही ओळींना काही लिहिलेलं नव्हतं. त्याच्या वर अकरा वर्षांचे ‘वि.’ होते. ह्या सहांपुढं ‘वि.’ नव्हतं आणि ‘स.’ही नव्हतं.

मग खाली आपली ओळ लिहिली. चिमटा, नाही. आई, माहीत नाही. काय निघालं, मादी, सोंगाची. कोणी पाहिलं, स.

चौदाव्या दिवशी कॉलेजातल्या तेजस्विनी मॅडम आल्या. येताना हार नाही, मिठाई नाही, ‘देवाची मर्जी’ नाही. फोटोसमोर जरा उभ्या राहिल्या, खाली बसल्या आणि म्हणाल्या, “वही दाखवता?” सर्जेरावांना बाई बऱ्या वाटल्या.

त्यांनी पानं उलटली. दर वर्षाची बेरीज स्वतःच्या डायरीत उतरवून घेतली.

“बघा,” त्या म्हणाल्या, “सुरुवातीला काकूंच्या झाडावरच्या निम्म्याहून जास्त माद्या सोंगाच्या निघत होत्या. आता तिनात एक. एका झाडावरून सिद्ध काही होत नाही. पण एक झाड, एक माणूस, रोज, अकरा वर्षं, असं आमच्यातल्या कुणाकडेच नाही. आम्ही हे छापणार आहोत. काकूंच्या नावानं.” मग त्या शेवटच्या पानाशी आल्या. “दवाखान्यातूनसुद्धा?”

“व्हय.”

त्यांनी बोट ओळींवरून खाली नेलं. वर आणलं. पुन्हा खाली नेलं.

“सहा दिवसांत एकही अळी गेली नाही? मुंग्या नाहीत, गांधीलमाश्या नाहीत? आबा, अकरा वर्षांत असे सलग दोन दिवससुद्धा नाहीत. दहा अंड्यांतली सात-आठ जातातच. हे तर त्याच लिहून गेल्यात.”

सर्जेरावांनी खिडकीबाहेर पाहिलं. दवाखान्यात तिनं मुंग्यांचं विचारलं होतं, गांधीलमाशीचं विचारलं होतं. कोष झाला म्हटल्यावर हसली होती. हसण्याचं कारण कोष असेल असं त्यांनी इतके दिवस धरून ठेवलं होतं.

“खोटं हाय ते,” ते म्हणाले.

“काय?”

“त्या सहा ओळी. मी झाडाकडं गेलोच न्हाय. चहा पिताना ठरवायचो अन् तिला सांगायचो. तिनं लिहिलं.”

तेजस्विनी मॅडमनी डायरी मिटली. आता ही बाई आपल्याला समजून घेणार, खांद्यावर हात ठेवणार, ह्या कल्पनेनं सर्जेराव ताठ झाले. मॅडमनी तसलं काही केलं नाही.

“कोणी पाहिलं, ते रिकामं सोडलंय त्यांनी,” त्या म्हणाल्या.

“दिसलं मला.”

“म्हणजे त्यांना माहीत होतं.”

“माझ्यापेक्षा जास्त माहीत असायचं तिला. नवीन काय त्यात.”

“मग आबा, हे दुरुस्त करावं लागेल. फाडायचं नाही, पांढरं फासायचं नाही. प्रत्येक ओळीवर एक सरळ रेघ, खालचं वाचता येईल अशी. बाजूला ‘पाहिलं नाही’ लिहायचं आणि सही. आकडे ज्यानं दिले त्यानंच सही करायची. मी नाही करू शकत.”

“ठाऊक हाय. जॉबकार्डावर बी असंच असतंय.”

मॅडमनी पेन पुढं केलं. सर्जेरावांनी ते घेतलं, टोपण काढलं, चष्मा लावला. पहिल्या ओळीतला ‘लाल सोळा’ मधला ‘ल’ नीट जमला नव्हता. विजयमालानं तो दोनदा गिरवला होता. तेहतीस वर्षं त्यांनी लोकांच्या चुकांवर रेघा मारल्या होत्या आणि हात कधी अडला नव्हता.

“सोमवारी न्या वही,” ते म्हणाले.

“सोमवारी येते,” त्या म्हणाल्या, आणि पेन तिथंच ठेवून गेल्या.

त्यानंतर दोन सोमवार गेले. पहिल्या सोमवारी सर्जेरावांनी मॅडमना फोन करून पुढचा सोमवार सांगितला, दुसऱ्या सोमवारी फोनच घेतला नाही. कढीपत्त्याला फूट आली आहे. काल एक साधी मादी येऊन गेली, सर्जेरावांनी पांढरा चिमटा लावून त्यावर मार्करनं एक नंबर घातला, वहीत ओळ लिहिली आणि पुढं ‘स.’ लिहिलं. बद्रीनाथचं कारंजं अजून कागदावर आहे. दीपमालाला कढीपत्ता मंडईतून आणायला सांगितलं आहे, ती ते सगळ्यांना सांगते.

दवाखान्यातल्या सहा ओळींवर रेघा मारायच्या राहिल्या आहेत आणि सह्याही राहिल्या आहेत.